झावळीची पांढरी कड आणि गायब होणारे जाळे : टेक्श्चरमधील अल्फा व ब्लेंडिंग कसे हाताळावे

मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणारे दृश्य संगणकावर उभे करायचे ठरवले, तर पारदर्शकतेचे जवळजवळ सगळे प्रकार एकाच वेळी समोर येतात. अगदी जवळ माडाच्या झावळ्या असतात, वाळूवर रापणीचे जाळे वाळत पडलेले असते, पुढे तळाचा खडक दिसेल इतके उथळ पाणी असते, त्यापलीकडे कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा तट उभा असतो आणि पावसाळ्यात या सगळ्यावर धुरकट झड उतरलेली असते. यांपैकी किल्ल्याचा तट तेवढा निखळ अपारदर्शक आहे. बाकी प्रत्येक वस्तूला अल्फाची, म्हणजे पारदर्शकता ठरवणाऱ्या मापाची, गरज लागते, आणि प्रत्येकीची गरज वेगळी असते. अशा दृश्यासाठी टेक्श्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर लावायचे चित्र) तयार करण्यापासून ते पडद्यावर मिसळण्यापर्यंतची, म्हणजे ब्लेंडिंगपर्यंतची, कामे कशी करावीत, ते येथे मांडले आहे. ओपनजीएल, वेबजीएल, व्हल्कन यांसारखा ग्राफिक्स इंटरफेस किंवा एखादे तयार गेम इंजिन यांपैकी काहीही हाताशी असले तरी गणित तेच राहते.

कडा बिघडलेल्या दिसू लागल्या की बहुतेक जण ब्लेंड फंक्शनचे (नवा आणि जुना रंग कोणत्या प्रमाणात मिसळायचा ते ठरवणाऱ्या सूत्राचे) पर्याय उलटसुलट करून पाहू लागतात. दोष तेथे क्वचितच असतो. तो बहुधा कोणालाही न दिसणाऱ्या पिक्सेलांत, म्हणजे ज्यांचा अल्फा शून्य आहे अशा पिक्सेलांच्या रंगात दडलेला असतो. म्हणून सुरुवातही तेथूनच करावी.

न दिसणाऱ्या पिक्सेलचा रंग

अल्फा हे त्या रंगाने पिक्सेलचा किती भाग व्यापला आहे, याचे ० ते १ या दरम्यानचे माप आहे. सर्वांच्या परिचयाचे सूत्र असे: निकाल = नवा रंग × अल्फा + जुना रंग × (१ − अल्फा). यात नवा रंग अल्फाने न गुणता साठवलेला असतो, म्हणून या पद्धतीला स्ट्रेट अल्फा म्हणतात. पीएनजी फाइलमध्ये रंग याच स्वरूपात असतात. सूत्रात चूक काहीच नाही; अडचण येते ती सूत्रापर्यंत पोचण्याआधी होणाऱ्या फिल्टरिंगमुळे.

एक झावळी घेऊ. तिच्या पात्याच्या शेवटच्या पिक्सेलचा रंग लाल ०.२, हिरवा ०.५, निळा ०.१ आणि अल्फा १ आहे. शेजारचा पिक्सेल पूर्ण पारदर्शक आहे, पण चित्र पांढऱ्या कॅन्व्हासवर काढलेले असल्याने त्याचे तिन्ही रंगघटक १ आणि अल्फा ० असा साठा फाइलमध्ये राहिला आहे. टेक्श्चर पडद्यावर थोडे सरकले की जीपीयू (चित्र काढणारी चिप) या दोन पिक्सेलांच्या बरोबर मधला नमुना घेतो, आणि बायलिनियर फिल्टरिंगने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची अंतरानुसार सरासरी काढून, त्याची किंमत लाल ०.६, हिरवा ०.७५, निळा ०.५५, अल्फा ०.५ अशी निघते. मागे पावसाळ्यातले काळसर आभाळ, समजा लाल ०.१, हिरवा ०.१५, निळा ०.२ असे असेल, तर ब्लेंडिंगनंतर हाती येते लाल ०.३५, हिरवा ०.४५, निळा ०.३७५. अर्धे पाते आणि अर्धे आभाळ यांचे खरे मिश्रण ०.१५, ०.३२५, ०.१५ असायला हवे होते. लाल आणि निळा दुपटीहून जास्त झाले. झावळीभोवती दिसणारी फिकट कड ती हीच. कॅन्व्हास काळा असता तर हीच कड काळी दिसली असती, आणि मग दोष सावल्यांमध्ये शोधण्यात पुष्कळ वेळ गेला असता.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे टेक्श्चर जीपीयूकडे पाठवण्याआधीच प्रत्येक पिक्सेलचा रंग त्याच्या अल्फाने गुणून ठेवणे. याला प्रीमल्टिप्लाइड अल्फा म्हणतात. लुकासफिल्ममध्ये काम करणाऱ्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये प्रतिमा एकमेकींवर रचण्याचे जे बीजगणित मांडले, ते याच स्वरूपातल्या रंगांवर उभे आहे. गुणाकारानंतर आपला पांढरा अदृश्य पिक्सेल ०, ०, ०, ० होतो, मधला नमुना ०.१, ०.२५, ०.०५, ०.५ असा येतो आणि सूत्र उरते: निकाल = नवा रंग + जुना रंग × (१ − अल्फा). आभाळावर मिसळून पाहिल्यास उत्तर ०.१५, ०.३२५, ०.१५ असेच मिळते. ओपनजीएलच्या ब्लेंडफंकमध्ये यासाठी पहिला घटक सोर्स अल्फाऐवजी वन असा द्यावा. दुसरा वन मायनस सोर्स अल्फा हाच राहतो.

हा गुणाकार शेडरमध्ये, म्हणजे जीपीयूवर पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, करून भागत नाही. शेडरला टेक्श्चरमधून किंमत मिळते तोवर फिल्टरिंग होऊन गेलेले असते आणि पांढरा रंग त्यात मिसळलेला असतो. मिपमॅपचेही (दूरच्या वस्तूंसाठी केलेल्या टेक्श्चरच्या, निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या लहान प्रतींचेही) तसेच आहे: आधी गुणाकार, मग मिपमॅप, हा क्रम उलटला की जवळची झावळी निर्दोष आणि दूरची पांढुरकी असे विचित्र चित्र दिसते.

फाइल उघडणारी प्रणाली हे काम परस्पर करत असेल, तर तेही तपासून घ्यावे, नाहीतर गुणाकार दोनदा होतो आणि कडा काळवंडतात. अँड्रॉइडवर बिटमॅपफॅक्टरीने उघडलेली चित्रे मुळातच प्रीमल्टिप्लाइड असतात. वेबजीएलमध्ये मात्र टेक्श्चर चढवताना अनपॅक प्रीमल्टिप्लाय अल्फा हा पर्याय आपण चालू करावा लागतो. शिवाय तेथील कॅन्व्हास स्वतःच प्रीमल्टिप्लाइड गृहीत धरलेला असतो, त्यामुळे शेडरने स्ट्रेट रंग बाहेर टाकला तर वेबपानाच्या पार्श्वभूमीचा रंग दृश्यातून भलतीकडेच डोकावू लागतो.

प्रीमल्टिप्लाइड पद्धत घेतल्यावर एक सवय बदलावी लागते. एखादी वस्तू हळूहळू विरून जायला हवी असेल, तर केवळ अल्फा कमी करून चालत नाही. लाल, हिरवा, निळा आणि अल्फा या चारही घटकांना एकाच संख्येने गुणावे लागते. रंगछटा द्यायची असेल तेव्हा मात्र पहिले तीनच गुणावेत. अल्फा फार कमी असताना ८ बिटांत रंगाच्या छटा थोड्याच उरतात, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. तो खरा आहे, पण इतक्या फिकट पिक्सेलचा अंतिम रंगातील वाटाही तितकाच नगण्य असतो. रंगाला पुन्हा अल्फाने भागण्याची वेळ येणार असेल तरच त्याची चिंता करावी.

काही इंजिने किंवा जुने प्रकल्प स्ट्रेट अल्फाच मागतात. तेथे पारदर्शक भागात शेजारच्या पात्याचा हिरवा रंग पसरवून भरावा आणि अल्फा शून्यच ठेवावा. भरताना दोन-चार पिक्सेलांवर थांबू नये, कारण लहान मिपमॅपमध्ये लांबचे पिक्सेलही एकत्र येतात. रिकामा भाग पुरता भरून टाकणे उत्तम. चित्र नंतर वेबपी स्वरूपात आकुंचित करणार असाल तर सावध राहा, कारण ती प्रक्रिया पूर्ण पारदर्शक पिक्सेलांचे रंग आपल्या सोयीने बदलू शकते आणि भरलेला हिरवा रंग पुसला जातो.

फिल्टरिंगचीच आणखी एक खोडी आहे. माडाचे पूर्ण चित्र एका चौकोनावर लावले आणि टेक्श्चरची पुनरावृत्ती चालू राहिली, तर शेंड्याच्या वर हवेत एक पुसट तपकिरी रेघ उमटते. ती बुंध्याची असते: सर्वांत वरच्या ओळीचा नमुना घेताना जीपीयू पुनरावृत्तीच्या नियमानुसार सर्वांत खालची ओळ त्यात मिसळतो. अशा टेक्श्चरला क्लॅम्प टू एज (कडेबाहेर कडेचाच रंग धरणारा पर्याय) लावावे आणि चारही बाजूंनी एक-दोन पिक्सेल रिकामे सोडावेत.

हे सगळे तपासण्यासाठी मागचे आभाळ तात्पुरते काढून भडक जांभळी-गुलाबी सपाट पार्श्वभूमी ठेवावी. निसर्गात न आढळणाऱ्या त्या रंगावर पांढरी, काळी वा परकी कोणतीही कड लगेच उघडी पडते. हिरव्या वाडीवर ती महिनोन् महिने लपून राहू शकते.

उजेडाचे गणित

टेक्श्चरमध्ये साठवलेले रंग सहसा एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या स्वरूपात असतात, आणि त्या आकड्यांचे प्रकाशाशी असलेले नाते सरळ रेषेतले नसते. २५५ पैकी १२८ हा आकडा निम्मा वाटला तरी तो पूर्ण उजेडाच्या सुमारे २१.६ टक्केच प्रकाश दाखवतो. खरा निम्मा प्रकाश १८८ च्या आसपास मिळतो. आकड्यांवरच थेट ब्लेंडिंग केले की काळ्या कातळावर उडणारे लाटेचे पांढरे तुषार मधल्या छटांमध्ये मळकट दिसतात, ते याचमुळे. रंगाच्या टेक्श्चरला एसआरजीबी स्वरूप जाहीर करावे आणि फ्रेमबफरही (तयार चित्र साठवण्याची जागा) तसाच ठेवावा, म्हणजे वाचताना रूपांतर, मध्ये सरळ उजेडाचे मिश्रण आणि लिहिताना उलट रूपांतर हे सगळे जीपीयू करतो.

अल्फाला हे रूपांतर कधीही लागू होत नाही, कारण तो उजेड नसून व्याप्तीचे माप आहे. त्यामुळे एसआरजीबी टेक्श्चर आधी गुणून ठेवताना रंग सरळ उजेडात आणावा, मग अल्फाने गुणावा आणि मग परत एसआरजीबीत न्यावा. बरेचसे चित्र-संपादक आणि ब्राउझर मात्र थेट आकड्यांवरच मिश्रण करतात. चित्रकाराने तेथे ठरवलेली धुक्याची दाटी आपल्या दृश्यात वेगळी दिसली, तर त्याला दोष देण्यापूर्वी हा फरक लक्षात घ्यावा.

कापायचे, मिसळायचे की मिळवायचे

प्रत्येक वस्तूबाबत एक निर्णय घ्यावा लागतो. झावळ्यांसारख्या दाट, एकमेकींत गुंतलेल्या पात्यांना मागेपुढे लावून मिसळणे अशक्यप्राय असते. तेथे अल्फा ठरावीक मर्यादेखाली गेला की पिक्सेल सरळ टाकून द्यावा. मर्यादा सहसा ०.५ ठेवतात. अशी वस्तू डेप्थ बफरमध्ये (प्रत्येक पिक्सेलवरच्या सर्वांत जवळच्या वस्तूचे अंतर जपणाऱ्या साठ्यात) अपारदर्शक वस्तूसारखी लिहिली जाते आणि क्रमाची कटकट उरत नाही.

मात्र हीच पद्धत रापणीच्या जाळ्याला लावली, तर जाळे थोड्या अंतरावर गेले की एकाएकी नाहीसे होते. कारण हिशेबात दिसते. समजा टेक्श्चरमध्ये दर चार पिक्सेलांमागे आडवा एक आणि उभा एक पिक्सेल जाडीचा धागा आहे. चार गुणिले चारच्या चौकटीत १६ पैकी ७ पिक्सेल धाग्याचे आणि ९ रिकामे. मिपमॅपच्या दोन पायऱ्या खाली त्या चौकटीचा एकच पिक्सेल होतो आणि त्याचा अल्फा ७/१६, म्हणजे सुमारे ०.४४ येतो. तो ०.५ पेक्षा कमी, म्हणून टाकला जातो. आणि जाळे सर्वत्र सारखे असल्याने सगळेच पिक्सेल एका क्षणी टाकले जातात. झावळ्यांतही हेच घडते, पण तेथे पाती कमीजास्त जाडीची असल्याने झाड हळूहळू विरळ होत जाते.

झावळ्यांसाठी उपाय सोपा आहे: प्रत्येक मिपमॅप तयार झाल्यावर त्याचा अल्फा अशा गुणकाने वाढवावा की मर्यादेच्या वर राहणाऱ्या पिक्सेलांचे प्रमाण मूळ चित्राइतकेच राहील. जाळ्याला हा उपाय लागू पडत नाही. सर्व पिक्सेलांचा अल्फा सारखाच झाल्यावर तो वाढवला की जाळ्याची ताडपत्री होते. मी जाळे नेहमी मिसळण्याच्या गटातच ठेवतो. दूर गेल्यावर ते ०.४४ अल्फाचा पातळ पडदा बनते आणि डोळ्यालाही दुरून जाळे तसेच दिसते. मल्टिसॅम्पलिंग (एका पिक्सेलमध्ये अनेक नमुने घेणे) चालू असेल तर अल्फा टू कव्हरेज हा मधला मार्ग आहे. त्यात अल्फानुसार पिक्सेलमधील काही नमुनेच भरले जातात, वस्तूंचा क्रम लावावा लागत नाही; पण चार नमुन्यांत शून्य धरून पाचच पायऱ्या मिळतात, म्हणून झावळीच्या कडेला तो शोभतो आणि धुक्याला मुळीच नाही.

तिसरा प्रकार प्रकाशाचा. मे महिन्याच्या अखेरीस झाडांवर लुकलुकणारे काजवे किंवा दीपगृहाचा झोत मागचे काहीच झाकत नाहीत, त्यात फक्त भर घालतात. येथे प्रीमल्टिप्लाइड पद्धतीचा एक सुंदर फायदा मिळतो: शेडरने रंग तसाच ठेवून अल्फा ० दिला की त्याच ब्लेंड सूत्रात जुना रंग पूर्ण राहतो आणि नवा त्यात मिळवला जातो. त्यामुळे चुलीचा धूर आणि त्यातल्या ठिणग्या एकाच टेक्श्चरमधून, एकाच ड्रॉ कॉलमध्ये (जीपीयूला दिलेल्या एका आदेशात), ब्लेंडची स्थिती न बदलता काढता येतात.

आधी काय काढायचे

प्रथम किल्ला, वाळू, होड्या अशा अपारदर्शक वस्तू काढाव्यात, त्यानंतर कापलेल्या अल्फाच्या झावळ्या, आणि शेवटी मिसळायच्या वस्तू दुरून जवळ या क्रमाने. शेवटच्या टप्प्यात डेप्थ चाचणी चालू ठेवावी, म्हणजे तटामागचे धुके तटावर येणार नाही. पण डेप्थ लिहिणे बंद करावे, नाहीतर जवळचा एक पातळ थर मागच्या सगळ्यांना अडवून बसतो. युनिटी या गेम इंजिनमधील २०००, २४५० आणि ३००० या रांगांचे आकडे याच तीन टप्प्यांचे आहेत.

दुरून जवळ म्हणजे नेमके कुठून मोजायचे, येथे घोटाळा होतो. इंजिने सहसा वस्तूचा मध्यबिंदू पाहतात. समुद्राचे पाणी हा एकच मोठा सपाट पृष्ठभाग असेल आणि त्याचा मध्य कॅमेऱ्यापासून ५०० मीटरवर असेल, तर ६०० मीटरवरचे किल्ल्याभोवतीचे धुके त्याहून दूर ठरते, आधी काढले जाते आणि मग पाणी त्यावर चढते. पाण्याचे तुकडे करूनही हा प्रश्न पुरता सुटत नाही. कॅमेरा पाण्यावर असेल तोवर पाण्याखालचे आधी, मग पाणी, मग पाण्यावरचे, असा क्रम हाताने बांधून द्यावा आणि कॅमेरा पाण्याखाली गेला की तो उलटवावा. दृश्याची रचना आपल्याला माहीत असताना ती इंजिनाला अंदाजाने शोधायला लावण्यात अर्थ नाही. कंदिलाच्या काचेसारखी बंद पारदर्शक वस्तू असेल तर तिच्या मागच्या बाजू आधी आणि पुढच्या नंतर, अशी दोनदा काढावी.

क्रमावर अवलंबून नसलेल्या पद्धतीही आहेत. २००१ च्या सुमारास पुढे आलेले डेप्थ पीलिंग थर एकेक करून सोलते, त्यामुळे अचूक पण महाग आहे. २०१३ मध्ये मॅग्वायर आणि बाव्हॉइल यांनी मांडलेली भारित मिश्रणाची पद्धत स्वस्त पण अंदाजी आहे. धूर आणि धुके यांना ती चालते, रंगीत काचांना नाही.

दृश्य आधी दुसरीकडे काढायचे असेल तेव्हा

पडद्यावर थेट न काढता धुक्याचे सगळे थर एका रिकाम्या पारदर्शक रेंडर टार्गेटमध्ये (पडद्याऐवजी ज्यात चित्र काढतात अशा जागेत) जमवून मग ते एकदाच दृश्यावर ठेवणे पुष्कळदा सोयीचे असते, आणि स्ट्रेट अल्फाची सर्वांत फसवी चूक येथेच होते. ०.५ अल्फाचा थर नेहमीच्या घटकांनी त्यात काढला, तर अल्फा घटकही स्वतःनेच गुणला जातो आणि ०.५ ऐवजी ०.२५ लिहिला जातो. रंग मात्र एकदा गुणून झालेला असतो, म्हणजे टार्गेटमधील चित्र रंगाने प्रीमल्टिप्लाइड आणि अल्फाने चुकीचे असे अर्धवट राहते. तेच पुढे पुन्हा सोर्स अल्फाने मिसळले की धुके काळपट आणि विरळ होते. ब्लेंडफंक सेपरेट वापरून अल्फासाठी वेगळा घटक वन द्यावा आणि टार्गेट दृश्यावर ठेवताना प्रीमल्टिप्लाइड सूत्र लावावे. मुळापासून प्रीमल्टिप्लाइड पद्धत असेल तर यातले काहीच वेगळे करावे लागत नाही, कारण त्या सूत्रात क्रम तोच ठेवून थर कसेही गटागटाने एकत्र केले तरी उत्तर बदलत नाही. ०.२ अल्फाचे तीन थर आधी एकत्र करा किंवा एकेक ठेवा, मागच्या तटाचा ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२ इतका भाग दोन्ही वेळा शिल्लक राहतो. टार्गेट सुरुवातीला चारही घटकांत शून्याने पुसावे, हे मात्र विसरू नये.

टेक्श्चर आकुंचनाबद्दल थोडे. २०४८ गुणिले २०४८ चे चार घटकांचे टेक्श्चर ८ बिटांत १६ एमबी जागा घेते; बीसी३ या आकुंचन-स्वरूपात तेच ४ एमबीत बसते आणि अल्फासाठी स्वतंत्र भाग मिळतो. बीसी१ त्याच्याही निम्म्यावर येते, पण त्यात अल्फा एकाच बिटाचा असतो, म्हणून ते फक्त कापायच्या टेक्श्चरला द्यावे. मोबाइलवर ईटीसी२ किंवा एएसटीसी वापरावे. जुन्या ईटीसी१ ला अल्फा नाहीच.

मोबाइलवर खरा भार पडतो तो एकाच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा काढण्याचा. झावळीचे टेक्श्चर पूर्ण चौकोनावर लावण्याऐवजी पात्याच्या आकाराला जवळ जाणाऱ्या सहा-आठ कोनांच्या जाळीवर लावले, तर दोन-चार शिरोबिंदू वाढून हजारो रिकामे पिक्सेल वाचतात. शेडरमध्ये पिक्सेल टाकून देण्याची सोय फक्त ज्या वस्तूंना लागते त्यांच्याच शेडरमध्ये ठेवावी, कारण तिच्या नुसत्या उपस्थितीने कित्येक मोबाइल जीपीयूंना डेप्थची आधीच होणारी चाचणी पुढे ढकलावी लागते. धुक्याचे रेंडर टार्गेट निम्म्या रुंदी-उंचीचे ठेवले की त्याचे काम चौथ्या हिश्शावर येते. ते पूर्ण आकारात आणताना माडाच्या बुंध्याभोवती फिकट वलय दिसू लागले, तर शेजारच्या चार नमुन्यांपैकी ज्याची खोली त्या पिक्सेलच्या स्वतःच्या खोलीशी सर्वांत जवळची असेल तोच नमुना त्यासाठी निवडावा.